काचेतली खुरपणी

आमच्या शहरात मासे उपासमारीनं मरत नाहीत, म्हातारपणानंही मरत नाहीत. नळाला पाणी आलं की मरतात.

हसू नका. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा करतो. छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. ते पाव्हण्यासारखं येतं. आज येणार, उद्या येणार असं गाजतं आणि नेमकं घरधनी अंगाला साबण लावून बसलेला असताना येतं. पाणी आलं की आमच्या बायाबापड्यांच्या अंगात संचार होतो. ड्रम, हंडे, पिंप, कळशा, जे जे भरलेलं असेल ते आधी रिकामं करायचं. काल संध्याकाळपर्यंत ज्या पाण्याला जीव लावला, ते सकाळी 'शिळं' होतं. मग ते पायरीवर ओता, गाडीवर ओता, नालीत ओता, आणि ताजं भरा. ह्या धांदलीत बैठकीतली माशांची टाकी तरी कशी सुटणार? तीही उपसली जाते, कपड्याच्या साबणानं घासली जाते, आणि क्लोरीनचा भपकारा मारणारं ताजं पाणी भरून मासे परत सोडले जातात. संध्याकाळपर्यंत मासे उताणे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक माझ्या दुकानात हजर. "मामा, कसले मासे दिले हो तुम्ही?"

कोणत्या वसाहतीला पाणी सुटलं हे मला पेपर न वाचता कळायचं. सकाळी सकाळी चार माणसं एकाच गल्लीतली आली, चेहरे पाडून, की समजायचं, काल ह्यांचा नळ आला होता. धंदा म्हणून मला ह्यात आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. मासा मेला की मला अजूनही वाईट वाटतं. बायको म्हणते, असला माणूस दुकानदार होऊच कसा शकला.

त्यातून आमचं घराणं मेंढरांचं. पिशोरच्या पुढं डोंगराच्या अंगाला आमची वाडी. आज्यानं मेंढरं राखली, बापानं मेंढरं राखली, मी मासे राखले. बापाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "ज्याला लोकर नाय, ज्याचं दूध नाय, अन् जे कापूनबी खायचं नाय, ते जितराब काय कामाचं रं?" असं तो दर दिवाळीला विचारायचा. आता दुकान लेक चालवते आणि मी गल्ल्यामागं बसून तिच्या गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देतो.

तर धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. मासा जिथं खातो तिथंच हगतो. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला. त्या घाणीचा पाण्यात अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे माशाला विष. पाणी दिसायला आरशासारखं नितळ, पण आत मासा गुदमरतोय, असं होऊ शकतं. फिल्टरच्या स्पंजात आणि टाकीतल्या वाळूत न दिसणारे चांगले जंतू असतात, ते हे विष पचवतात. आमची माणसं नेमका तोच स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईतो पिळतात. आणि उरलेलं काम करतात झाडं. खरी, जिवंत, पाण्यातली झाडं. माशाची घाण हा त्यांचा खुराक.

पण झाडं म्हटलं की गिऱ्हाईक घाबरायचं. "नको बाबा, आमच्याकडं कुंडीतली तुळस टिकत नाही." म्हणून मी नाजूक झाडं ठेवलीच नाहीत. ज्यांना वेगळा गॅस लागतो, महागडा दिवा लागतो, ती झाडं म्हणजे लाडावलेले जावई. माझ्याकडं गरीब सुना मिळायच्या. व्हॅलिसनेरिया, म्हणजे फितीसारखं लांब पात्याचं गवत, वाळूत खोवलं की आपोआप पसरतं. हॉर्नवर्ट नुसतं पाण्यात टाकलं तरी वाढतं. जावा फर्न आणि अनुबियास ही दोन तर इतकी चिवट, की दोऱ्यानं दगडाला बांधून विसरून जा. आणि सगळ्यांत सोपा म्हणजे आपला मनीप्लांट. वेल बाहेर, मुळं टाकीत सोडलेली. चितेगावच्या एका कारखान्यातल्या साहेबाला मी तो लावून दिला. महिन्यात पाणी सुधारलं, आणि योगायोगानं साहेबाला बढती मिळाली. पाण्याचं श्रेय त्यानं नव्या फिल्टरला दिलं आणि बढतीचं मनीप्लांटला. तेव्हापासून त्याच्या सबंध खात्यानं माझ्याकडून मनीप्लांट नेले. मासे एकानंही नेले नाहीत.

पण ह्या झाडांवरून माझी खरी परीक्षा घेतली ती आक्कांनी.

आक्का म्हणजे विलासरावांच्या आई. विलासराव सिडकोत राहणारे, नोकरीवाले, गाव पिशोर. गावाकडं बागायती मळा, मोठं घर. वडील गेल्यावर आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांनी आक्कांना शहरात आणलं. पोरगा आणि सून सकाळी कामाला जायचे, आणि जिनं आयुष्यभर मळ्यात बायांच्या टोळ्या हाकल्या ती बाई दिवसभर सोफ्यावर हात बांधून बसायची. गल्लीत कोणाशी बोलणं नाही. विलासरावांना कोणीतरी सांगितलं, टाकी घ्या, मासे बघून मन रमतं. टाकी घेतली. नळ आला, मासे मेले. पुन्हा घेतले. पुन्हा नळ आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला घरी बोलावलं.

आक्का सोफ्यावर बसल्या होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "ह्या घरात माझ्या हातानं कायबी जगत नाय. माझा पायगुणच तसा हाय हितं."

"आई, काहीतरी बोलू नको," विलासराव म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "मामा, हा शेवटचा प्रयत्न. आता मेला तर टाकी देऊन टाकतो."

"टाकीच्या आधी मला पोचीव पिशोरला," आक्का म्हणाल्या. "ह्या डावाला मासा मेला तर मी हितं घटकाभर ऱ्हायची नाय. सांगून ठिवते."

विलासरावांचा चेहरा उतरला. मी घसा खाकरून विचारलं, "पाणी कधी बदलता, आक्का?"

"नळ आला की. समदं उपसते, राखंनं घासते, वरून चिंच फिरवते. तांब्याच्या हंड्यावानी टाकी चमकती." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. मी कपाळाला हात लावला.

मी समजावलं की टाकी उपसायची नाही, घासायची नाही. एकच धट्टाकट्टा गोल्डफिश सोडला, वाळूत व्हॅलिसनेरिया खोवलं, फर्न आणि अनुबियास दगडांना बांधले, मागून मनीप्लांटची मुळं सोडली. म्हटलं, ह्यांना हात लावू नका, ही पाणी साफ ठेवतील. आक्का हुं हुं करत होत्या.

पुढच्या आठवड्यात गेलो तर मासा जागेवर, पण टाकीत बाकी नुसती वाळू. कोंबडीनं उकरल्यासारखी.

"आक्का, झाडं कुठं गेली?"

"कोनची झाडं?"

"ती हिरवी, वाळूतली."

"ते तण व्हय? काढलं की." आक्कांनी गॅलरीकडं बोट केलं. तिथं माझं व्हॅलिसनेरिया पेंढी बांधून उन्हात वाळत होतं. "बसल्या बसल्या खुरपून टाकलं. मुळासकट काढलंय, परत उगायचं नाय."

ह्या धंद्यात मी लई प्रकारची माणसं पाहिली. माशाला वरणभात चारणारे पाहिले, थंडीत टाकीवर गोधडी टाकणारे पाहिले. पण टाकीत खुरपणी करणारी बाई पहिलीच. हसावं की रडावं कळेना. आणि मनात राग नव्हताच. माझी आईसुद्धा अशीच एकदा वाडीवरून शहरात राहायला आली होती. चार दिवस माझ्या खोलीत भिंतीकडं बघत बसली आणि एक दिवस पिशवी घेऊन स्वतःच स्टँडवर गेली. तिच्या हाताला काम द्यावं हे मला तेव्हा सुचलं नाही. त्याची बोच आहे. म्हणून आक्कांच्या समोर मी खाली फरशीवर बसलो आणि धंद्याची भाषा बाजूला ठेवली.

"आक्का, तुमच्या मळ्यात उन्हाळ्यात मेंढरं बसवायचे का?"

"मंग? दर सालाला. डोंगराकडचे मेंढके यायचे. मेंढरं बसली की दोन वरसं खताला बघायला नको."

"मग हा मासा म्हणजे मेंढरू. लेंड्या टाकतो. अन् ते तण नाही, ते पीक. लेंड्या पीक खातं, म्हणून पाणी नासत नाही. पीक काढलं तर नुसत्या लेंड्या उरतील."

आक्का पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायला लागल्या. "कुनाचा रं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"आगं आई! त्या उंच मेंढक्याचा व्हय? तुमची मेंढरं बसायची की आमच्यात! तुझा बाप चहात गूळ दोनदा मागून घ्यायचा." मग टाकीकडं वळून, अगदी गुन्हा कबूल केल्याच्या आवाजात, "मंग आधी सांगायचं न्हाय का, पीक हाय म्हून? मी आपलं तण समजले."

त्या दिवसापासून टाकीचा मळा झाला. मी पुन्हा झाडं आणली, आक्कांनी लागवड स्वतः केली. अनुबियासचं खोड त्यांनी वाळूत चांगलं तळापर्यंत गाडलं. "लागवड अशी वरवर आसती व्हय?" मी सांगितलं की हे गाडलं तर कुजतं, ह्याला दगडच लागतो. "मंग बांडगूळ म्हन की सरळ," असं म्हणून त्यांनी ते उपटून दगडाला बांधलं. माशाचं नाव ठेवलं तांबू. तांबूनं गवताचे शेंडे कुरतडले की सबंध घर दणाणायचं, "हॅऽऽक! मेल्या, उभ्या पिकात शिरतो?" शेवटी त्यांनी गवताच्या कडेनं गोट्यांचा बांध घातला. नळ आला तरी टाकी उपसणं बंद. आठवड्याला दोन तांबे पाणी काढायचं, ड्रममध्ये दिवसभर ठेवून मुरलेलं दोन तांबे घालायचं. पाणी असं निवळलं की विलासराव मला रोज मोबाईलवर टाकीचे फोटो धाडायला लागले. फोटोत आक्काही असायच्या, टाकीला नाक लावून. मी खूश होतो. आपण मोठे हुशार, असं वाटायला लागलं होतं.

एके सकाळी विलासरावांचा फोन आला. "मामा, लवकर या. तांबू आडवा झालाय."

स्कूटर काढली आणि पोचलो. गल्लीत त्या दिवशी नेमका नळ आला होता. घराघरांत मोटारी घरघरत होत्या, पायऱ्यांवरून पाण्याचे लोट चालले होते. आत तांबू पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून आ वासत होता, कल्ले लालभडक. झाडं मात्र तजेलदार. मला पहिली शंका नळाच्या पाण्याची आली, पण विलासराव शपथेवर सांगत होते की टाकीत नळाचं पाणी घातलं नाही.

"आक्का, काही घातलं का टाकीत?"

आक्का पदराशी चाळा करत होत्या. "चिमूटभर," म्हणाल्या.

"कशाची चिमूट?"

"युरिया."

विलासराव आत जाऊन पुडी घेऊन आले. गावाकडून ज्वारीच्या पोत्याबरोबर कढीपत्त्याच्या कुंडीसाठी पुडी आली होती, त्यातला युरिया.

"अहो आक्का, युरिया कशाला?"

"तूच म्हनला ना, मेंढरू हाय म्हून! आरं, एका मेंढरानं मळा खतावतो व्हय कुठं? पान पिवळं पडाया लागलं व्हतं. म्हनलं लेंडी कमी पडत आसंल, थोडा वरखत द्यावा."

आक्कांचा हिशेब बरोबर होता. उपमा माझीच होती आणि ती माझ्याच अंगावर उलटली. युरिया पाण्यात गेला की त्याचा अमोनिया होतो. बिचारी झाडं शोषून शोषून किती शोषणार?

"टाकीतलं पाणी काढावं लागेल, अर्ध्याच्या वर," मी म्हणालो. "आणि मुरलेलं पाणी भरावं लागेल. तुमचा ड्रम कुठंय?"

सून हळूच म्हणाली, "आत्ताच रिकामा केला. ताजं भरतेय."

क्लोरीन मारायचं औषध माझ्या पिशवीत होतं. पण त्या दिवशी नळाचं पाणी गढूळ, गार, आणि वास असा की डोळे चुरचुरावेत. धट्टाकट्टा मासा असता तर औषध घालून भरलं असतं. अर्धमेल्यावर मी धजेना. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन येईपर्यंत तांबू उरला नसता.

"मंग शिळं पानीच पायजे का?" आक्कांनी विचारलं.

"शिळंच. क्लोरीन उडालेलं."

आक्का उठल्या. गॅलरीचं दार उघडलं. खाली समोरच्या शबानाभाभींनी त्यांचा निळा ड्रम नालीकडं कलता केला होता. पलीकडं दोन बाया बादल्यांनी पायऱ्या धुत होत्या. आणि आक्कांनी, ज्यांनी ह्या गल्लीत आजवर कोणाला हाक मारली नव्हती, मळ्याच्या ह्या बांधावरून त्या बांधाला घालायची हाक घातली.

"ए बायांनोऽऽ! वतू नकाऽऽ! पानी वतू नकाऽऽ!"

मोटारींच्या आवाजावर तो आवाज चढला. शबानाभाभींच्या हातातला ड्रम तसाच थांबला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोणीतरी घाबरून मोटार बंद केली.

"क्या हुआ अम्मा? पानी में कुछ निकला क्या?"

"माझा मासा मरायलाय वो! शिळं पानी द्या, शिळं!" आणि एवढं बोलून आक्कांचा आवाज फुटला. त्या चक्क रडायला लागल्या.

"रो नक्को अम्मा," शबानाभाभी खालून ओरडल्या. "कित्ता होना?"

"लईऽऽ!"

मग त्या घरात जे काही घडलं ते जत्रेत शोभलं असतं. बादल्या, कळशा, टोप, एकानं तर प्रेशर कुकर भरून आणला. चपलांचा ढीग दारात. प्रत्येकाबरोबर एक सल्ला. एक बाई म्हणाल्या, हळद टाका. एक काका फ्रीजमधली बाटली घेऊन आले, "हे शुद्ध आहे, फिल्टरचं." दुसरे कोमट करून आणू का विचारत होते. मी सगळ्यांना हात जोडून मागं सारलं, नळी लावून टाकीतलं पाणी हळूहळू काढलं आणि मुरलेलं तांब्या तांब्यानं सोडत राहिलो. काढलेलं पाणी मी मोरीत ओतायला निघालो तर आक्का डोळे पुसत ओरडल्या, "आरं, फेकतो कुठं? युरिया हाय त्यात! कुंड्याला घाला!" मग आल्या बादल्या तशाच भरून परत गेल्या. आमच्या शहरात पाण्याच्या बदल्यात पाणी देणारं घर मी तेवढं एकच पाहिलं.

पाणी बदलून झालं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सून चहा टाकायला गेली आणि कपबशा पुरेनात, कारण एकही बाई जागची हलेना. सगळ्या टाकीभोवती मांडी घालून. तांबू तळाशी, गवताच्या आडोशाला, एका अंगावर कलून. आक्का त्याच्याकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "ऊठ रं बाबा. नको आसं करू."

दुपार कलली तेव्हा कल्ल्यांची धाप कमी झाली. शेपटी हलली. तांबू सरळ झाला, डुलत डुलत बांधापाशी गेला आणि त्यानं गवताचा एक शेंडा तोडला.

"खाल्लंऽऽ!" शबानाभाभी ओरडल्या. आक्कांनी टाळ्या वाजवल्या. मी विलासरावांच्या पाठीवर थाप मारली तर त्यांच्याही डोळ्यांत पाणी. मी धंद्यातला माणूस आहे, माझंही तेच झालं हे लिहायला मला लाज वाटत नाही.

युरियाची पुडी मी खिशात घालून आणली. पुढं आक्कांनी गवताची विरळणी सुरू केली आणि पाणी देणाऱ्या प्रत्येक घरी रोपं पोचवली. नुसती पोचवली नाहीत, लावून दिली, आणि नीट वाढताहेत का ते बघायला जायला लागल्या. त्या गल्लीतून माझ्याकडं टाक्या खपायला लागल्या, पण मासे मेले म्हणून परत येणारं गिऱ्हाईक बंद झालं. लेक म्हणाली, बाबा, ह्या आक्कांनी आपला निम्मा धंदा बुडवला. मी म्हणालो, बुडू दे.

तरी माझ्या मनात एक धाकधूक होती. मासा जगला खरा, पण आक्कांच्या जिवाला इथं करमतंय का, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. आणि एक दिवस विलासरावांनी सांगितलं, "आई पिशोरला गेली." "कायमची?" मी विचारलं. ते म्हणाले, तिच्या पुतण्याचा साखरपुडा आहे, म्हणून गेली. परत कधी येणार हे काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलवर पिशोरहून फोन. आक्का. मागं साखरपुड्याचा गोंधळ, भांडी, पोरं, कोणीतरी माईकवर हॅलो हॅलो करतंय. आक्का त्या सगळ्याच्या वर ओरडत होत्या. "मामा, विलास फोन उचलंना. उद्या नळ हाय. शबानाला सांग, शिळं पानी वतू नको म्हनावं. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते."

तेवढ्यात त्यांच्या शेजारून एका बाईचा आवाज आला, बहुतेक जाऊबाईंचा. "आक्का, आशी काय करती? किती दिसांनी घरी आली. ऱ्हा की चार दिस."

"नगं बाई," आक्का म्हणाल्या. "घरी पानी यायचंय उद्या."